घरात कुणाला स्किझोफ्रेनिया आहे: नव्या शुभंकराने पहिल्या वर्षात काय करावं

तुळशीची माती भुसभुशीत करताना खुरप्याला काहीतरी पांढरं लागलं. आधी खडे वाटले. हातात घेतलं तर गोळ्या. काही अख्ख्या, काही विरघळून चुन्यासारख्या झालेल्या. मोजल्या, अकरा निघाल्या. धाकटा भाऊ रोज रात्री आईसमोर गोळी तोंडात टाकायचा, वर पाणी प्यायचा आणि मग गॅलरीत जाऊन ती कुंडीत पुरायचा. घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्याच्या आजाराचं ते दुसरं वर्ष. तेव्हा त्याचे डॉक्टर, त्याच्या गोळ्या, आईचे गुडघे, माझी नोकरी, सगळं मी एकटी ओढत होते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मिरवतही होते, की माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही. कुंडीतल्या गोळ्यांनी त्या मिरवण्यातली हवा काढली. आज त्याला चौदा वर्षं झाली. मी अजून आहे, तोही आहे, आणि बरेच दिवस बरे जातात. ज्यांच्या घरात हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा अनुभव स्किझोफ्रेनियाचा आहे, पण बायपोलर किंवा तीव्र नैराश्य असलेल्या घरांनाही यातलं बरंच लागू पडेल.

शब्दांचं आधी सांगते. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांमध्ये आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. सुरुवातीला मला हे फार गोडगोड वाटलं होतं. पण ‘पेशंट’ म्हटलं की घराचा दवाखाना होतो, म्हणून हेच शब्द तोंडात बसले.

१. आजाराचं नाव विचारून घ्या

पुष्कळदा डॉक्टर घाबरवू नये म्हणून ‘मेंदूत थोडं केमिकल कमीजास्त झालंय’ एवढंच सांगतात. नाव विचारा. पहिल्या काही आठवड्यांत निदान पक्कं झालेलं नसू शकतं, पण सध्या काय समजून औषध चाललंय ते तुम्हाला कळायला हवं. सोबत एवढं विचारा: कुठली गोळी कशासाठी, फरक दिसायला किती आठवडे लागतील, कशाला घाबरायचं नाही आणि कशाला लगेच फोन करायचा, रात्री काही झालं तर कुणाला गाठायचं.

हा आजार आईच्या लाडाने होत नाही, वडिलांच्या रागानेही होत नाही. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण, ताण, काहींच्या बाबतीत गांजा, अशा अनेक गोष्टी मिळून तो होतो. आमच्या आईने पहिलं वर्ष ‘माझं काय चुकलं’ यातच घालवलं.

मग कुणीतरी म्हणणारच, ‘बाहेरचं बघून घ्या एकदा.’ मी यावर भांडून घर फोडलं नाही. आईने अंगारा लावला, कुलदैवताला नवस बोलली, तिला त्यातून बळ मिळत होतं. आमचा नियम एकच होता: गोळी थांबणार नाही, आणि मारणं, बांधणं, उपाशी ठेवणं असलं काही सांगणाऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही. दुसरा सल्ला येतो लग्नाचा. ‘जबाबदारी पडली की ठिकाणावर येईल.’ आजार लपवून लग्न लावू नका. एका घरातलं दुःख दुसऱ्या घरातल्या मुलीच्या गळ्यात बांधून ते कमी होत नाही.

२. वही घाला

शंभर पानी साधी वही. मोबाइलमध्ये नको, कारण ती घरातल्या सगळ्यांना दिसली पाहिजे आणि सगळ्यांना तीत लिहिता आलं पाहिजे. रकाने पाच: झोपला कधी, उठला कधी, गोळी, जेवण-आंघोळ, वेगळं काही. रोज एक ओळ.

तीन-चार महिन्यांनी या वहीतून तुमच्या माणसाच्या खुणा दिसू लागतात. आमच्याकडे आजार उसळण्याआधी क्रम ठरलेला: झोप चार तासांवर येते, मग तो पंखा बंद करतो. मे महिन्यात, घामाने निथळत, पंखा बंद. पंख्याच्या घरघरीतून त्याला, बाकी कुणाला येत नाहीत ते आवाज स्पष्ट ऐकू येतात म्हणून. हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तोवर विजेची बचत करतोय म्हणून आई त्याचं कौतुक करत होती. आता पंखा बंद दिसला की तपासणीची तारीख यायची वाट न बघता आम्ही डॉक्टरांना फोन करतो. प्रत्येकाचा पंखा वेगळा असतो. कुणी देवासमोर तासन्‌तास बसतं, कुणी जुन्या मित्रांना रात्री दोनला फोन लावतं.

सरकारी ओपीडीत तुमच्या वाट्याला फार तर पाच मिनिटं येतात. ‘कसं आहे?’ ‘ठीक आहे,’ यात ती संपतात. म्हणून जाण्याआधी वहीतून तीन ओळी चिठ्ठीवर उतरवून घ्या आणि केसपेपरला टाचणी लावून द्या. शुभार्थीला तुम्ही आत नको असाल तरी चिठ्ठी देता येते. त्याचं बोलणं गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कुणी मनाई केलेली नाही.

कुंडीतल्या गोळ्यांचं पुढे काय झालं ते सांगते. मी ओरडणार होते. सुदैवाने त्या दिवशी घसा बसला होता. शांतपणे विचारलं तर म्हणाला, ‘ताई, लाळ गळते. मित्र हसतात.’ हे त्याने डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी औषध बदललं. गोळी टाळणाऱ्यांसाठी काही औषधं दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायच्या इंजेक्शनच्या रूपात मिळतात, हेही तेव्हाच कळलं. गोळ्या चुकत असतील तर याबद्दल जरूर विचारा. मनाने औषध बंद मात्र करू नका, महिनाभर उत्तम गेलं तरी.

लिथियम (हे बहुधा बायपोलरमध्ये देतात) चालू असेल तर निर्जळी उपास नको, अचानक मीठ तोडणं नको, आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध असेल तर रक्ततपासणीच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बद्धकोष्ठ क्षुल्लक समजू नका.

३. आवाजांशी वाद घालायचा नाही

‘शेजारचे काका माझ्याबद्दल बोलतायत.’ यावर आपलं पहिलं उत्तर असतं, ‘काहीतरीच काय, कुणी बोलत नाहीये.’ ते खोटं ठरवण्याच्या नादात तासभर जातो, आणि शेवटी तुम्हीही काकांना सामील आहात असं त्याला वाटू लागतं. ‘हो, बोलतायत खरे,’ असंही म्हणायचं नाही. मधली वाट आहे, पण ती तोंडात बसायला सराव लागतो. मी आरशासमोर घोकलेली वाक्यं देते: ‘मला ऐकू येत नाहीये, पण तुला येतंय आणि त्याचा त्रास होतोय, हे कळतंय.’ ‘आत्ता काय केलं तर बरं वाटेल?’ ‘चल, खाली चक्कर मारून येऊ.’ आवाज चढवायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगायची.

घरातल्या बोलण्याचा आजारावर परिणाम होतो, हे नुसतं सुभाषित म्हणून सांगत नाही. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकाला आढळलं, की रुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांचा आजार, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटत होता. पुढच्या अभ्यासांतून कारण दिसलं: सततची टीका, तुसडेपणा आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याकडे प्रेम म्हणून खपते, ती म्हणजे नको इतकी गुंतवणूक. ‘मी तुझ्यासाठी जेवण सोडलंय’ या जातीची. अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला तर धोका आणखी वाढतो, असंही १९७६ च्या अभ्यासात दिसलं. नंतर चंदीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा असं वातावरण असलेल्या घरांचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. आपल्या घरांत काहीतरी बरं आहे म्हणायचं.

पण दोन खोल्यांच्या घरात ३५ तास मोजायचे कसे? आमच्याकडे तर ते बुधवारीच भरतात. यावर उपाय म्हणजे घराबाहेरची जागा. डे केअर किंवा पुनर्वसन केंद्र असेल तर उत्तमच, नाहीतर वाचनालय, देवळातली साफसफाई, ओळखीच्या दुकानात दोन तास पाकिटं भरणं, काहीही. तो बाहेर जात नसेल तर तुम्ही जा. हे पळून जाणं नव्हे, हा उपचाराचा भाग आहे. आणि त्याला कामाला लावा. कपड्यांच्या घड्या त्यानेच घालाव्यात. वाकड्या पडल्या तर पडू देत.

लग्नसमारंभाला न्यायचं का? त्याला विचारा. यायचं असेल तर तासाभरासाठी न्या, परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा. गणपतीत घरात पाहुण्यांची रीघ असते, मांडवातले स्पीकर झोप मोडतात. त्या दहा दिवसांत झोपेच्या रकान्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा.

४. काम वाटून द्या, सल्ला परत करा

‘काही लागलं तर सांग हं,’ असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येकाकडे असतात. त्यांचं चुकत नाही. त्यांना काय करायचं ते खरंच माहीत नसतं, आणि आपण सांगत नाही. मी एका रविवारी कागद घेऊन बसले आणि आठवड्याभराची सगळी कामं लिहिली. औषध आणणं, तपासणीला सोबत जाणं, रात्रीची गोळी, बँक, आईचं जेवण, असं सत्तावीस गोष्टींचं चऱ्हाट निघालं. त्यातल्या पंचवीस माझ्या नावावर होत्या.

मग एकेकाला एकेक काम दिलं. पुण्याच्या बहिणीला: महिन्याची औषधं ऑनलाइन मागवायची, पैसेही तीच भरणार. मावसभावाला: महिन्यातून एक शनिवार-रविवार इथे राहायला यायचं. अमेरिकेतल्या आतेभावाने ‘योगासनं करायला सांग त्याला’ असा निरोप पाठवला होता. त्याला कळवलं, ‘तूच सांग, दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर.’ योगासनं झाली नाहीत, पण दोघं क्रिकेटवर अर्धा तास बोलतात आणि तेवढा वेळ मी भाजी आणायला जाते.

काम नेमकं सांगा, वेळ सांगा, आणि ते आपल्यासारखं होणार नाही हे गिळा. मावसभाऊ पहिल्यांदा आला तेव्हा मी स्टँडवरून तीन वेळा फोन केला होता. तिसऱ्यांदा भावानेच उचलला आणि म्हणाला, ‘तू जा गं.’

कुणीच नसेल तर? अशी घरं आहेत, गटात मी ती पाहते. तिथे शेजारी, आशाताई, वाड्यातला मेडिकलवाला, यांतला एक जण तरी ‘माहीत असलेला माणूस’ करून ठेवा. सगळं सांगायची गरज नाही. ‘भावाला मनाचा आजार आहे, औषध चालू आहे, कधी तो एकटा फिरताना दिसला तर मला फोन करा,’ एवढं पुरतं.

५. तुमची झोप, तुमचं ब्लडप्रेशर

आमच्या गटातल्या एक काकू मुलाला अकरा वर्षं नेमाने तपासणीला नेत होत्या. एकदा रांगेतच चक्कर येऊन पडल्या. वरचा दाब दोनशेच्या पुढे. स्वतःचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी मोजलं ते त्यांना आठवत नव्हतं. त्याच्या तपासणीच्या दिवशी स्वतःचं ब्लडप्रेशरही मोजून घ्या. वर्षातून एकदा साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन.

रोजचा एक तास स्वतःचा, हे सगळेच सांगतात. मला तास कधी मिळाला नाही. पंचवीस मिनिटं मिळाली, संध्याकाळी, दाराबाहेर. भिशी, भजनी मंडळ, पोहायला जाणं, जे आजाराआधी करत होतात त्यातलं एक तरी सोडू नका. सोडलेलं पुन्हा धरणं फार जड जातं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा. शुभंकरांमध्ये नैराश्य आणि चिंता सर्रास आढळतात. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा फक्त आजारी माणसांसाठी आहे असा अनेकांचा समज आहे. तुमच्यासाठीही आहे.

आता जे कुणी बोलत नाही ते. कधीतरी मध्यरात्री मनात येतं, ‘सुटला तर बरं होईल. तोही आणि मीही.’ मला आलं होतं. मग सकाळी त्याला चहा देताना मान वर करता येईना. गटात एका सत्तरीच्या बाबांनी हेच वाक्य मोठ्याने उच्चारलं आणि खोलीतल्या बारापैकी नऊ जणांनी माना हलवल्या. तुम्ही राक्षस नाही, थकला आहात. असा विचार वरचेवर येऊ लागला, किंवा स्वतःला नाहीतर त्याला काही करावंसं वाटू लागलं, तर मात्र त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

आमच्या वहीबद्दल एक राहिलंच. मागच्या वर्षी मार्चअखेरीला ऑफिसात उशीर होत होता. एका रात्री वही उघडली तर ‘वेगळं काही’ या रकान्यात भावाच्या अक्षरात लिहिलेलं: ‘ताईची झोप चार तास. चिडचिड करते. डॉक्टरांना सांगावे.’

६. गट शोधा

पुण्यात ‘सा’, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ही संस्था आहे. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी ती १९९७ साली सुरू केली. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, म्हणजे तेही शुभंकरच. ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची ‘आयपीएच’, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, १९९० पासून आहे. तुमच्या गावात गट नसेल तर डॉक्टरांना विचारा, ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्यांना विचारा. आमचा गट तसाच, तीन घरांपासून सुरू झाला.

तिथे भाषण नसतं. गोल बसतात, ज्याला बोलायचं तो बोलतो, नसेल बोलायचं तर चहा पिऊन जातो. मी पहिल्या दोन बैठका गप्प होते. तिसऱ्या वेळी कुणीतरी विचारलं, ‘तुमचा आंघोळ करतो का हो?’ आणि मी वीस मिनिटं थांबले नाही. बाहेर हा प्रश्न कोण विचारणार?

७. बिघडलेल्या रात्रीची तयारी दिवसा करा

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर: चालू औषधांची नावं आणि मात्रा, डॉक्टरांचा फोन, मानसोपचार विभाग असलेलं जवळचं रुग्णालय, १४४१६, ११२, रात्री गाडी काढून येईल अशा दोन माणसांचे नंबर. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. पण बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं.

मानसिक आजार असलेले बहुतेक लोक हिंसक नसतात. तरी भीतीने बिथरलेला माणूस अंगावर येऊ शकतो. तेव्हा चटकन निघता येईल असं दाराजवळ राहा, पण त्याची वाट अडवू नका, एकाच माणसाने बोला, बाकीच्यांनी खोलीबाहेर व्हा. शौर्य दाखवायचं नाही. जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलला तर थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने ते डोक्यात येत नाही. गोळ्यांचा साठा कुलपात, कीटकनाशक घराबाहेर, त्याला एकटं ठेवायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

कायद्यातलं एवढं माहीत हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. तो प्रौढ शुभार्थीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमण्याचा हक्क देतो. साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. तो बरा असताना हे करून घ्या. स्वतः दाखल व्हायला तयार नसेल आणि प्रकृती गंभीर असेल, तर याच प्रतिनिधीच्या अर्जावर, एक मानसोपचारतज्ज्ञ धरून दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. जीवाला धोका असेल अशा तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे, कुणीही, कुठेही.

८. कागदपत्रं

यात वेळ जातो, पण एकदाच. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार हे अपंगत्व धरलं आहे. सरकारी रुग्णालयात ‘आयडियाज’ या मोजपट्टीवर टक्केवारी काढतात. ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर. तपासणीला जाताना जुने केसपेपर सगळे न्या, आणि ‘आज छान दिसतोय’ म्हणून परत पाठवतील म्हणून वहीही न्या. आयकरात जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या अशा व्यक्तीसाठी ७५ हजारांची, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या आजारी अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्याचं नाव कार्यालयात आत्ताच नोंदवा. ‘निरामय’ विम्याच्या मागे मात्र धावू नका. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे. मी त्यात दोन रजा घालवल्या.

९. बदलीचं पान

‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न आई मला विचारते आणि मी माझ्याबद्दल तोच स्वतःला विचारते. मृत्युपत्र, त्याच्या नावाचं खातं, घराचा हक्क, यासाठी वकील गाठा, आई-वडील हिंडतेफिरते असतानाच. दुसरी गोष्ट स्वतः करायची. वहीच्या शेवटच्या पानावर, उद्या तुमच्या जागी कुणी आलं तर त्याला लागेल ते लिहून काढा. औषधांचं सगळं कपाटावर आहेच, हे बाकीचं. आमचं पान मावसभावाने फोटो काढून नेलं आहे:

‘चहा दोन चमचे साखरेचा, कप निळा. गोळी रात्री साडेनऊला, जेवणानंतर, बाजूला बसून बातम्या बघायच्या, तोंड उघडायला लावायचं नाही. रेडिओ बंद करण्याआधी विचारायचं. न्हावी चौकातलाच, मंगळवारी सकाळी, गर्दी नसते. पंखा बंद दिसला तर डॉक्टरांना फोन. वडिलांचा विषय तो काढेल, आपण काढायचा नाही. रागावला की चपला घालून निघतो. अडवू नये. तळ्यापर्यंत जातो, अर्ध्या तासात येतो. आल्यावर काही विचारू नये, भूक लागलेली असते.’